थंडीचे वाटे: मेणवलीच्या वाड्यापासून तासगावच्या शीतगृहापर्यंत

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचा लिखित मजकूर. बोलण्यातले काही शब्द तसेच ठेवले आहेत.)

आजचा विषय ऐकून काहीजण म्हणतील, हा काय इतिहासाचा विषय झाला? आज आपण बोलणार आहोत एसीवर. म्हणजे नेमकं सांगायचं तर मोठ्या इमारतीत थंडावा आणि ऊब कशी वाटायची, यावर. आणि हा इतिहास सांगायला मी न्यूयॉर्क किंवा दुबईला जाणार नाही. सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे पुरेसे आहेत.

आधी प्रश्न समजून घेऊ. एका खोलीत एक एसी, हे सोपं आहे. गार वाटलं की बंद करायचा. पण चाळीस खोल्यांची इमारत घ्या. बँक असेल, हॉस्पिटल असेल, क्लासेसचं कॉम्प्लेक्स असेल. पूर्वेकडच्या खोल्या सकाळी तापतात, पश्चिमेकडच्या संध्याकाळी. मधल्या खोल्यांना ऊनच लागत नाही. मीटिंगची खोली दिवसातून एक तास माणसांनी भरते आणि बाकीचा वेळ रिकामी असते. सर्व्हरची खोली मात्र रात्रंदिवस तापलेली. या सगळ्यांना एकाच बटणावर एकसारखी थंडी दिली तर काय होतं? एका टेबलावरची मुलगी स्वेटर घालून बसते, दुसऱ्या टेबलावरचा माणूस घाम पुसतो, आणि वीजबिल दोघांचंही येतं.

याला उपाय एकच. इमारतीचे विभाग पाडायचे आणि ज्याला जेवढी हवी तेवढीच थंडी द्यायची. इंजिनियर लोक याला झोनिंग म्हणतात. माझ्या मते हा यंत्राच्या आधीचा विचार आहे आणि आपल्या भागात तो फार जुना आहे.

वाड्यात माणूसच फिरायचा

वाईपासून जवळच, कृष्णेच्या काठावर मेणवली आहे. तिथला नाना फडणवीसांचा वाडा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. प्रत्यक्ष नसेल पाहिला, तर तिथला घाट ‘स्वदेस’ सिनेमात तरी पाहिला असेल. अठराव्या शतकातला हा वाडा. एकामागून एक चौक, जाड भिंती, लाकडी खांब, वर माडी.

आता या वाड्याकडे एसीच्या इंजिनियरच्या नजरेनं बघा. जाड भिंतीतून बाहेरची उष्णता आत यायला कित्येक तास लागतात. दुपारी भिंत बाहेरून तापते, पण ती झळ आतल्या बाजूला पोचेपर्यंत दिवस मावळतो. चौकातून गरम हवा वर निघून जाते आणि तिच्या जागी सावलीतली हवा येते. ओसरी उघडी, माजघर चारही बाजूंनी खोल्यांनी वेढलेलं, म्हणून उन्हाळ्यात सगळ्यात गार आणि थंडीत सगळ्यात उबदार.

म्हणजे वाड्यात तापमानाचे विभाग होते. थर्मोस्टॅट मात्र नव्हता. ते काम माणूस करायचा. दुपारी माजघरात लवंडायचं, संध्याकाळी ओसरीवर बसायचं, रात्री वाऱ्याला माडीवर जायचं. थंडी जागेवर असायची, माणूस तिच्याकडे चालत जायचा. वीज शून्य.

पण इथे एक गोष्ट सोडून चालणार नाही. सगळ्यांनाच असं हिंडता यायचं का? स्वयंपाकघरात चुलीपुढे बसलेल्या बाईला दुपारी बारा वाजता माजघरात जाऊन पडता येत नव्हतं. थंडीचे वाटे पडले की कुणाच्या वाट्याला कमी येणारच. हा मुद्दा लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

अख्खं सरकारच डोंगरावर

वाड्यातला माणूस एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचा. इंग्रजांनी हेच मोठ्या प्रमाणावर केलं. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचार हजार फुटांवर आहे. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८-२९ च्या सुमारास तिथे हवा खाण्याचं ठाणं वसवलं. जागा साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांची. १८२९ मध्ये तिच्या बदल्यात खंडाळा हे गाव देण्याचा करार झाला. महाराजांच्या सहकार्यानं उभ्या राहिलेल्या वसाहतीला नाव मिळालं माल्कम पेठ.

पुढे मुंबई इलाख्याचं सरकार उन्हाळ्यात महाबळेश्वरला हलायला लागलं. फायली, कारकून, साहेब, त्यांची बिऱ्हाडं, सगळं घाट चढून वर. पावसाळा लागला की खाली पुण्याला. तिथले रस्ते करायला आणि भाजीपाल्याचे मळे फुलवायला चिनी आणि मलायी कैदी राबले. म्हणजे साहेबांच्या थंडीचा खर्च कुणीतरी अंगमेहनतीनं भरत होतं.

हरिपूरची पेवं

आता घाट उतरून कृष्णेच्या काठाकाठानं खाली सांगलीला येऊ. सांगलीला लागूनच हरिपूर आहे. कृष्णा आणि वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, आणि जमिनीच्या पोटात हळदीची पेवं.

पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार. तोंड लहान, आत पोट मोठं. दोन-तीन पुरुष खोल. तळाला आणि बाजूंना पाचट, चटया असं अस्तर लावायचं, आत वाळलेली हळद भरायची, आणि तोंड मातीनं लिंपून बंद करायचं. नदीकाठच्या इथल्या मातीत पाणी सहजी पाझरत नाही, म्हणून पेवं इथेच टिकली, असं जुने व्यापारी सांगतात. अशी हळद वर्षानुवर्षं टिकायची.

हे कसं जमायचं? दोन गोष्टी आहेत. पहिली, जमिनीखाली काही मीटर गेलात की उन्हाळा-हिवाळ्याचा फरक जवळजवळ संपतो. तिथलं तापमान त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीच्या आसपास राहतं. वर मे महिन्यात पारा चाळिशीला टेकला, तरी खाली फरक पडत नाही. दुसरी, तोंड बंद केल्यावर आतला ऑक्सिजन हळूहळू संपतो. मग भुंगा, कीड काही जगत नाही. माणूससुद्धा जगत नाही बरं का. म्हणून पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही. काही तास हवा खेळू द्यायची, दिवा खाली सोडून बघायचा, तो जळत राहिला तरच माणूस उतरवायचा.

सांगलीच्या हळदबाजाराचा पाया याच पेवांनी भक्कम केला. माल दीर्घकाळ सुरक्षित राहतो, म्हणून भाव येईपर्यंत थांबता येतं. थांबता येतं, म्हणून वायदे करता येतात. सांगलीत हळदीच्या वायद्यांचा बाजार चालायचा. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं.

मग पेवांचं काय झालं? २००५ च्या महापुरात कृष्णा-वारणेचं पाणी हरिपुरात शिरलं आणि पेवांमधली हळद भिजली. जमिनीखालचं कोठार पुरापासून वाचवता येत नाही, हा त्याचा स्वभावच आहे. त्यानंतर व्यापारी जमिनीवरच्या गोदामांकडे आणि शीतगृहांकडे वळले. पुढे २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा उरलीसुरली आशाही वाहून गेली. बिनविजेचं एक तंत्र गेलं आणि त्याच्या जागी मीटर लागलेलं तंत्र आलं.

एका शिक्षकाची कटकट

इथे जरा सांगलीच्या बाहेर जाऊ. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात वॉरन जॉन्सन नावाचे एक शिक्षक होते. तिथे कडाक्याची थंडी, म्हणून शाळेच्या तळघरात भट्टी. वर्गात गरम किती आहे हे बघायला शिपाई दारात यायचा, शिकवणं थांबायचं, मग तो खाली जाऊन भट्टीच्या झडपा कमी-जास्त करायचा. थोड्या वेळानं पुन्हा तेच. जॉन्सन वैतागले आणि १८८३ मध्ये त्यांनी खोलीत बसवायच्या विजेवरच्या थर्मोस्टॅटचं पेटंट मिळवलं. १८८५ मध्ये कंपनी काढली. पुढे १८९५ मध्ये त्यांनी दाबाच्या हवेवर चालणारी, इमारतीतल्या अनेक खोल्यांचं तापमान वेगवेगळं सांभाळणारी पद्धत पेटंट केली. विभागवार नियंत्रणाचा यंत्रयुगातला जन्म हा असा, वर्गातल्या कटकटीतून झाला.

दुसरी गोष्ट १९०२ ची. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एक छापखाना होता. दमट हवेत कागद फुगायचा आणि एका रंगावर दुसरा रंग नीट बसायचा नाही. विलिस कॅरियर या तरुण इंजिनियरनं हवा थंड करून तिच्यातला ओलावा आटोक्यात ठेवणारी यंत्रणा आखली. आधुनिक एसीची सुरुवात तिथून मोजतात. म्हणजे पहिला एसी माणसासाठी नव्हताच, कागदासाठी होता. आणि गंमत म्हणजे सांगली जिल्ह्यातही कृत्रिम थंडीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक माणूस नाही, बेदाणा आहे!

माळरान, पंप आणि कोयनेची वीज

पण यंत्राची थंडी यायला आधी यंत्रं हवीत आणि वीज हवी. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोड स्टेशनजवळच्या ओसाड माळावर कारखाना आणि वसाहत उभारली. जागा दिली औंधच्या पंतप्रतिनिधींनी. औंध आज सातारा जिल्ह्यात आणि किर्लोस्करवाडी सांगलीत, पण ही गोष्ट एकच. नांगरानं सुरू झालेलं काम पंपांपर्यंत पोचलं. आज मोठ्या इमारतींच्या एसीमध्ये थंड केलेलं पाणी मजल्यामजल्यावर फिरवतात, ते फिरवणारा असतो पंपच. किर्लोस्कर समूहानं १९५८ मध्ये किर्लोस्कर न्यूमॅटिक ही वेगळी कंपनी काढली. तिचे अमोनिया कंप्रेसर शीतगृहांमध्ये वापरले जातात.

आणि वीज? १९६० च्या दशकात साताऱ्याच्या पाटण तालुक्यातल्या कोयना धरणाच्या पाण्यावर वीज तयार व्हायला लागली. आज कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॉट आहे. ही वीज राज्याला मिळाली, पण धरणाखाली गावं गेली. थंडीचा खर्च पुन्हा कुणीतरी भरला.

बेदाण्याची खोली

आता मुक्कामी येऊ, म्हणजे तासगावला. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. फेब्रुवारी ते एप्रिल हा हंगाम. द्राक्षं द्रावणात बुडवून शेडमध्ये जाळ्यांवर सावलीत वाळवतात. तयार झालेला हिरवट-पिवळा बेदाणा उन्हाळ्यात बाहेर ठेवला तर काळपट पडतो आणि भाव उतरतो. म्हणून तो चार-पाच अंशांच्या शीतगृहात जातो. तिथून नमुना सौद्याला येतो आणि भाव पटला तर माल सुटतो. हरिपूरचं पेव हळदीला जे द्यायचं, तेच शीतगृह बेदाण्याला देतं: थांबण्याची ताकद. फरक एवढाच की इथे थांबण्याचं भाडं महिन्याला चढतं, आणि त्या भाड्यात मोठा वाटा विजेचा असतो.

शीतगृह ही विभागवार थंडीची एकदम स्वच्छ शाळा आहे. कंप्रेसर एका खोलीत, आणि माल ठेवायच्या खोल्या वेगळ्या. अमोनिया साध्या दाबाला उणे ३३ अंशांवरच उकळतो, आणि उकळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. प्रत्येक खोलीत पंखे आणि नळ्या, प्रत्येक खोलीला आपला थर्मोस्टॅट आणि आपली झडप. खोली पुरेशी गार झाली की तिची झडप बंद होते आणि अमोनिया तिकडे जायचा थांबतो.

पण इथेच एक मेख आहे, आणि या भागातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी हे ठेवा. ताज्या द्राक्षांना शून्याच्या आसपास तापमान आणि भरपूर आर्द्रता लागते. बेदाण्याला चार-पाच अंश आणि कोरडी हवा चालते. दोन्ही खोल्या एकाच नळीवर, एकाच दाबावर जोडल्या, तर कंप्रेसरला द्राक्षांना लागेल इतक्या खालच्या दाबावर चालावं लागतं. बेदाण्याला गरज नसते, तरी त्याच्या थंडीलाही तेवढीच जास्त वीज लागते. थोडक्यात, सगळ्यात थंड खोली बाकीच्यांचं बिल ठरवते. म्हणून शहाणा माणूस त्या दोन खोल्यांच्या नळ्या आणि कंप्रेसर वेगळे ठेवतो. पैसे सुरुवातीला जास्त जातात, पण नंतर दर महिन्याला वाचतात.

तुमच्या ऑफिसात

आता हाच नियम शहरातल्या इमारतीला लावा. रात्री फक्त सर्व्हरची खोली चालू आहे. तिच्यासाठी अख्ख्या इमारतीचं मोठं यंत्र रात्रभर घरघरतंय. तिला स्वतंत्र छोटं यंत्र द्या, मोठं झोपू दे. पश्चिमेच्या काचेमुळे एक मजला संध्याकाळी तापतो, म्हणून सगळ्या इमारतीचं तापमान खाली ओढलं जातं. त्या काचेवर बाहेरून सावली करा.

यंत्रंही शहाणी झाली आहेत. जपानच्या डायकिन कंपनीनं १९८२ मध्ये अशी पद्धत आणली की बाहेर एक यंत्र, आत अनेक, आणि प्रत्येक खोलीला लागेल तेवढाच थंड करणारा वायू जातो. तिच्या पुढच्या आवृत्त्यांमध्ये एका खोलीतून काढलेली उष्णता दुसऱ्या खोलीला देता येते. महाबळेश्वरचं हॉटेल डोळ्यांसमोर आणा. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावाजवळ पहाटे दव गोठतं. पाहुण्यांच्या खोल्यांना ऊब हवी, आणि त्याच वेळी हॉटेलचं स्वयंपाकघर उकडतंय. स्वयंपाकघरातली उष्णता उचलून खोल्यांना द्या. चुलीपुढच्या त्या बाईची आठवण झाली ना? तिच्या वाट्याची झळ कमी करणारी सोय यायला इतकी वर्षं गेली. आणि आजही कित्येक हॉटेलांत जेवणाच्या हॉलला एसी असतो, भटारखान्यात मात्र साधा पंखा.

आणखी एक आकडा सांगतो. पंख्याचा वेग ८० टक्क्यांवर आणला, तर त्याला लागणारी वीज ढोबळमानानं निम्मी होते. कारण वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. ०.८ ला स्वतःनंच तीनदा गुणून बघा, ०.५१२ येतं. काही खोल्यांच्या झडपा बंद झाल्या आणि पंखा-पंप तेवढे हळू झाले, तर खरी बचत होते. झडप बंद आणि पंखा पूर्ण वेगात, हे म्हणजे एक पाय ॲक्सिलरेटरवर आणि दुसरा ब्रेकवर.

कायदाही आला आहे. व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन संहिता २००७ मध्ये आली, २०१७ मध्ये सुधारली, आणि २०२४ मध्ये तिची नवी आवृत्ती निघाली. २०२० पासून स्टार लेबलच्या एसीचं सुरुवातीचं तापमान २४ अंश असतं. एक अंश वाढवला तर साधारण सहा टक्के वीज वाचते, असा ऊर्जा खात्याचा हिशेब आहे. पण संहिता मोठ्या जोडभाराच्या इमारतींना लागू होते. आपल्या सातारा-सांगलीत रस्त्यारस्त्यावर ज्या तीन-चार मजली, पुढून काच लावलेल्या इमारती उभ्या राहतायत, त्यातल्या बऱ्याच तिच्या बाहेर राहतात. तिथे नियम नाही, मालकाची समज आहे.

मग यात पणाला काय आहे?

मला वाटतं, थांबण्याची ताकद. बेदाणा उत्पादक भावासाठी किती महिने थांबू शकतो, हे शीतगृहाच्या भाड्यावर ठरतं. भाडं विजेवर ठरतं. वीज किती लागेल, हे भिंतीची जाडी, दाराची फट आणि खोल्यांची वाटणी यावर ठरतं. शीतगृहाचं दार उगाच दहा मिनिटं उघडं राहिलं, तर ती गरम, दमट हवा थंड करण्याचे पैसे शेवटी कुणाच्या तरी पट्टीत येतात.

पेवाकडे परत जाता येणार नाही. नदी आता तसं करू देणार नाही. माजघरातही सगळं ऑफिस बसवता येणार नाही. पण ती बांधणाऱ्या लोकांनी थंडी विकत घेण्याआधी विचारलेला प्रश्न आपल्याला विचारता येतो: कुणाला, कुठे, किती आणि केव्हा?

उद्या क्लासमध्ये किंवा ऑफिसात गेलात की एवढं करा. थर्मोस्टॅट कुठे लावलाय ते शोधा. तो रिकाम्या पॅसेजमध्ये असेल, साहेबांच्या केबिनमध्ये असेल, किंवा झेरॉक्स मशीनच्या डोक्यावर असेल. तिथे जे तापमान आहे, तेच सगळ्यांवर लादलं जातंय. काय सापडलं ते आम्हाला नक्की कळवा, आणि जमलं तर इमारत सांभाळणाऱ्या माणसालाही सांगा.

आजच्यापुरतं इतकंच. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत, खोलीतून बाहेर पडताना एसी बंद करा.